अनेक गड्यांचा संगणक व आपली ऊसतोड



गेल्या गळीत हंगामात तोडणीच्या नंबरावरून जेवढ्या तक्रारी आल्या, तेवढ्या आमच्या नोकरीत आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. कोणत्याही गट ऑफिसात पाऊल टाकावे तर एकच वाक्य कानी येई, "कॉम्प्युटरनं नंबर मागं टाकला." पूर्वी हा दोष फिल्डमनला मिळे, आता संगणकाला मिळतो, एवढाच काय तो फरक. हंगाम संपल्यावर झालेल्या एका गट सभेत एका जाणत्या सभासदाने उभे राहून विचारले, "साहेब, माझ्या नातवाच्या मोबाईलात आठ प्रोसेसर हायेत म्हणं. पुण्यात तर हजारो प्रोसेसरांचं यंत्र हाय. मग कारखाना एकदाच मोठं यंत्र घेऊन आमचे नंबर नीट का लावत न्हाई?"

सभेत हशा झाला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याच सुमारास एका कंपनीचे प्रतिनिधी अनेक प्रोसेसरांचे एक महाग यंत्र घ्या म्हणून आमच्याकडे खेटे घालीत होते. त्या यंत्राने ऊसतोडीचा कार्यक्रम आपोआप बिनचूक लागेल, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे सभासदांच्या पैशाचा प्रश्न. आमचे शिक्षण शेती पदविकेचे, संगणकाचे नव्हे. तरी पुण्यास कामानिमित्त वरचेवर जाणे होते, तेथे जाणकारांना विचारले, थोडे वाचले, आणि आपल्याच ऑफिसात थोडे करूनही पाहिले. जे समजले ते खाली देत आहोत.

प्रोसेसर म्हणजे काय, हे आधी पाहू. संगणकात जो भाग प्रत्यक्ष आकडेमोड करतो तो प्रोसेसर. त्याला आपण गडी म्हणू. एक गडी एका वेळी एक काम करतो. पहिले संपले की दुसरे, दुसरे संपले की तिसरे. पूर्वी यंत्र जलद करायचे तर हाच गडी अधिक चपळ करीत. दर दोन-चार वर्षांनी नवा गडी जुन्याच्या दुप्पट वेगाने चाले. पण २००४ च्या सुमारास ही वाट अडली. फार वेगाने चालवले की प्रोसेसर एवढा तापू लागला की तो थंड ठेवणे परवडेना. तेव्हा कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. एक गडी फार पळवायचा नाही, त्याच चकतीवर दोन गडी ठेवायचे. २००५ पासून घरगुती संगणकांत दोन गड्यांचे प्रोसेसर आले, मग चार आले, आठ आले. मोबाईलातले आठ गडी ते हेच.

मोबाईलाचे आठही गडी सारखे नसतात, हे आम्हांस नव्याने समजले. बहुतेक फोनांत काही दणकट व काही हलके असे मिश्र गडी असतात. फोन नुसता खिशात पडून असतो तेव्हा हलके गडी जागे राहतात व दणकट झोपतात, म्हणून बॅटरी पुरते. फोटो काढला किंवा नकाशा उघडला की दणकट उठतात. नांगराला खिलारी जोडी व पाण्याच्या पिंपाला म्हातारा बैल, तसलीच ही व्यवस्था.

पुण्याने कोंबड्या जुंपल्या

अमेरिकेत सिमूर क्रे नावाचे एक थोर यंत्ररचनाकार होऊन गेले. जगातली सर्वांत वेगवान यंत्रे ते बनवीत. अनेक लहान प्रोसेसर जोडून मोठे काम करण्याच्या कल्पनेची ते थट्टा करीत. शेत नांगरायचे तर दोन दांडगे बैल घ्याल की एक हजार चोवीस कोंबड्या, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याला हा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलेच.

परंतु बैल मिळतच नसेल तर? १९८० नंतरच्या दशकात भारत सरकारने क्रे कंपनीचे एक्स-एमपी जातीचे यंत्र मागितले होते. त्या यंत्राच्या नंबरातला पहिला आकडा किती प्रोसेसर ते सांगतो. आपण मागितले ते '२४', म्हणजे दोन प्रोसेसरांचे. अमेरिकेने दिले ते '१४', म्हणजे एका प्रोसेसरचे, आणि तेही फक्त हवामानाच्या कामासाठी, अटी घालून. १९८९ साली ते दिल्लीस सुरू झाले. जोडी मागितली व एकच बैल मिळाला, तोही दुसऱ्याच्या शेतात न्यायचा नाही या बोलीवर!

यातून १९८८ साली पुण्यास विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. डॉ. विजय भटकर हे तिचे पहिले संचालक. मोठा बैल बनवण्याचा कारखाना आपल्याकडे नव्हता. तेव्हा या मंडळींनी इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर घेतले. त्या प्रत्येकाला चार बाजूंस चार तारा जोडण्याची सोय होती, म्हणजे प्रत्येक गडी आपल्या चार शेजाऱ्यांशी बोलू शके. असे ६४ व त्याहून अधिक गडी एकमेकांस जोडून १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. सेकंदाला सुमारे १०० कोटी गणिते करण्याची त्याची ताकद होती. त्याची एक जोडणी मॉस्कोसही गेली. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली फ्लोसॉल्व्हर नावाचे असे लहान यंत्र आधी झाले होते, हेही सांगितले पाहिजे. पण गावोगाव नाव झाले ते परमचेच. पुढे २००७ साली हिंजवडीत टाटांच्या कंपनीने 'एका' नावाचे यंत्र उभारले. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत ते चौथे आले. आज जगातील सर्व मोठी यंत्रे कोंबड्यांचीच असतात. फक्त त्या कोंबड्या आता बऱ्यापैकी दांडग्या झाल्या आहेत.

काट्यावरची रांग

मग जितके गडी जास्त तितके काम लवकर, असे समजावे का? येथेच मेख आहे, आणि ती ऊस उत्पादकाइतकी कोणाला लवकर समजणार नाही.

समजा एका मोठ्या फडाचा ऊस कारखान्यात पोचवायला एक टोळी लावली तर एकूण १० तास लागतात. त्यांतील ९ तास तोडणी, मोळ्या बांधणे व भरणीचे. हे काम वाटून देता येते. राहिलेला १ तास काट्यावरच्या रांगेचा. काटा एकच, तो वाटून देता येत नाही. आता ९ टोळ्या लावल्या तर फडाचे काम १ तासात उरकेल, अधिक काट्याचा १ तास, म्हणजे २ तास. ठीक झाले. ९० टोळ्या लावल्या तर फडाचे काम ६ मिनिटांत, तरी काट्याचा तास आहेच. एकूण १ तास ६ मिनिटे. ९०० टोळ्या आणल्या (त्या उभ्या कोठे राहणार हा भाग निराळा) तरी एका तासाच्या आत गाडी रिकामी होत नाही. नऊशे मुकादमांच्या उचली मात्र देऊन बसाल.

जीन ॲमडाल या अमेरिकन यंत्ररचनाकाराने १९६७ साली संगणकांबद्दल हेच मांडले. कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेग ठरवतो. तेव्हा अनेक प्रोसेसरांचे यंत्र घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. आपले काम किती वाटता येते? आणि वाटल्यावर गड्यांना एकमेकांशी किती बोलावे लागते? काही कामांत गडी एकमेकांकडे पाहतही नाहीत. काहींत बांधावरच्या शेजाऱ्याशी सतत विचारपूस लागते. पुणे शहरात व जवळपास दोन्ही तऱ्हा पाहावयास मिळतात.

हवामानाचे गणित

शिवाजीनगरला साखर संकुलात कामासाठी जाणाऱ्यांना 'सिमला ऑफिस' हा थांबा माहीत असेल. भारतीय हवामान खात्याचे हे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून हे नाव. १९३२ साली येथेच कृषी हवामानाचा स्वतंत्र विभाग डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाला. पिकाच्या उंचीवर, मातीत, पानांत हवामान कसे बदलते याचा अभ्यास या शहरात इतका जुना आहे.

हवामानाचे गणित पुष्कळ गड्यांत वाटण्याची कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ च्या आपल्या ग्रंथात ती मांडली. एक प्रचंड गोल सभागृह, त्यात ६४ हजार माणसे हाताने आकडेमोड करीत बसलेली, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा. प्रत्येकाने आपले उत्तर शेजाऱ्यांस दाखवायचे, आणि मधोमध उंचावर बसलेल्या माणसाने पुढे पळणाऱ्यांना आवरायचे व मागे राहिलेल्यांना हाकायचे. म्हणजे मुकादमच की! रिचर्डसनने स्वतः एकट्याने हाताने सहा तासांचे हवामान काढून पाहिले. त्याला सुमारे सहा आठवडे लागले व उत्तर साफ चुकले. परंतु रीत खरी निघाली.

आज पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आय.आय.टी.एम.मध्ये, तीच रीत चालते. हवेचे चौकोनी ठोकळे पाडतात. प्रत्येक ठोकळ्यातील वारा, ताप, बाष्प यांचे गणित निरनिराळ्या गड्यांकडे देतात, आणि प्रत्येक पावलाला ते शेजारच्या ठोकळ्यांशी आकडे बदलून घेतात. २०१८ च्या जानेवारीत तेथे 'प्रत्युष' हे यंत्र आले, सेकंदाला ४० कोटी कोटी गणिते करणारे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'अर्क' आले, ते त्याच्या जवळजवळ तिप्पट. ज्या अंदाजाला प्रत्युषवर दहा तासांपर्यंत लागत, तो अर्कावर सुमारे चार तासांत निघतो, असे त्या वेळी सांगण्यात आले.

याचा आपल्याला उपयोग काय? पूर्वीचा ठोकळा १२ किलोमीटर बाय १२ किलोमीटर होता. म्हणजे साधारण साडेपस्तीस हजार एकराला एकच पाऊस. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, तिचा ठोकळा ६ किलोमीटरचा. म्हणजे सुमारे ८ हजार ९०० एकर. ऐकायला निम्मे वाटते. पण बाजू निम्मी केली की ठोकळे चौपट होतात, आणि ठोकळा लहान झाला की वेळेचे पाऊलही लहान टाकावे लागते, म्हणून काम साधारण आठपट वाढते. मोठे यंत्र लागते ते या कामाला.

अंदाजात 'पावसाची शक्यता ७० टक्के' असे येते, त्यावरून फार थट्टा होते. पण यामागेही अनेक गडीच आहेत. आजची हवा आपण पूर्ण अचूक मोजू शकत नाही. म्हणून सुरुवातीचे आकडे किंचित किंचित बदलून तेच गणित अनेकदा करतात. पुण्याच्या संस्थेने जून २०१८ पासून असे २१ वेळा गणित करण्याची पद्धत सुरू केली. २१ पैकी १५ उत्तरांत पाऊस आला तर शक्यता सत्तरच्या आसपास धरायची. नोव्हेंबरात फडात गाड्या न्यायच्या की नाहीत हे ठरवताना आम्ही आता हा आकडा पाहतो. २१ पैकी ३ म्हणत असतील तर टोळी आत घालतो. १५ म्हणत असतील तर काळ्या रानातल्या फडाऐवजी डांबरी रस्त्याकडेचा फड आधी धरतो. ट्रॅक्टर चिखलात रुतला, तोडलेला ऊस तीन दिवस फडात वाळला, की त्यातली साखर घटते व वजनही. ते नुकसान कोणाचे हे सांगायला नको.

गडी एकमेकांशी बोलत नाहीत अशी कामे

पुण्याच्या उत्तरेस नारायणगावजवळ खोडदला मोठ्या जाळीच्या ३० तबकड्या आपण पाहिल्या असतील. ती जी.एम.आर.टी. नावाची रेडिओ दुर्बीण. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. दर दोन तबकड्यांचे संदेश एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. एका जोडीला दुसऱ्या जोडीशी घेणेदेणे नाही, म्हणून काम सहज वाटले जाते. तेथे आता चित्रखेळांसाठी निघालेले प्रोसेसर वापरतात, ज्यांत हजारो बारीक गडी एकाच चकतीवर असतात. पोरांच्या खेळासाठी बनलेली वस्तू आकाशाच्या अभ्यासाला लागली. असे पुष्कळदा होते.

उसाच्या गुणसूत्रांचा नकाशाही असाच तुकडे जुळवून झाला. आर ५७० या परदेशी वाणाचा तो नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला, सुमारे एक हजार कोटी अक्षरांचा. उसात गुणसूत्रांच्या अनेक प्रती असतात, म्हणून तो ज्वारी-भातापेक्षा फार अवघड. नवे वाण लवकर निवडण्यास याची पुढे मदत व्हावी. आज मात्र त्याने आपल्या फडात काही बदल झालेला नाही.

आता आपल्या अगदी जवळचा उपयोग, आणि याला मोठे यंत्र लागतच नाही. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या शेतांवरून जातात व त्यांची चित्रे फुकट मिळतात. त्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर जमिनीचा असतो. आता आपला गुंठा काढा. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर. एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा! एकराला चाळीस ठिपके. जणू कोणी आपला सात-बारा समोर ठेवूनच उपग्रह बनवला.

प्रत्येक गुंठ्याचा हिरवेपणा काढायचा तर त्या गुंठ्याचेच दोन आकडे लागतात, शेजारच्या गुंठ्याचे लागत नाहीत. वीस हजार एकर ऊस धरला तर आठ लाख ठिपके. आठ गड्यांना एकेक लाख वाटून दिले की झाले. आमच्या शेती ऑफिसातल्या टेबलावरच्या साध्या आठ गड्यांच्या संगणकावर हे काम चहा येईपर्यंत उरकते. कोठे ऊस पिवळा पडला, कोठे पाणी साचले, कोठे नोंद आहे पण ऊस नाही, हे एका नजरेत दिसते. (शेवटच्या बाबतीत काही सभासदांना आमची फिल्डभेट अचानक का झाली, ते यावरून समजेल. एकच फड दोन कारखान्यांना नोंदवू नये, एवढेच येथे सांगतो.)

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पावसाळ्यात ढगांमुळे महिना महिना चित्र मिळत नाही, आणि नेमका आडसाली तेव्हा लावलेला असतो. दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यात निम्मे ठिपके बांधावरचे निघतात, त्यात शेजाऱ्याचे गवतही येते. आणि हिरवेपणा म्हणजे साखर नव्हे. नत्राचा मारा केलेला ऊस चित्रात फार देखणा दिसतो व रसात नापास होतो.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या साह्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे, त्याबद्दल बरेच सभासद विचारतात. उपग्रहाची चित्रे, शेतातले हवामान केंद्र व जमिनीतील ओलावा मोजणारी यंत्रे यांचे आकडे एकत्र करून पाणी व खताचा सल्ला मोबाईलवर द्यायचा, असा तो प्रकार. जड गणित दूर कोठेतरी हजारो गड्यांवर होते, शेतकऱ्याच्या हातात सल्ला येतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा जाऊन पाहावे. केवळ ऐकून होय-नाही म्हणू नये.

आणि आता तोडणीचा नंबर

ज्या प्रश्नावरून सुरुवात झाली त्याकडे येतो. ऊसतोड कार्यक्रम म्हणजे कोणता प्लॉट कोणत्या दिवशी तोडायचा याची ओळ लावणे. दहा प्लॉट असतील तर त्यांच्या ओळी ३६ लाख २८ हजार ८०० प्रकारांनी लागू शकतात. वीस प्लॉट असतील तर हा आकडा एकोणीस अंकी होतो. पाषाणच्या अर्काने एका गणितात एक ओळ तपासली असे मानले, तरी वीस प्लॉटांना साडेतीन मिनिटे लागतील. पंचवीस प्लॉटांना किती? चाळीस वर्षांहून अधिक! आणि आपल्या एकेका फिल्डमनच्या वहीत शेकड्यांनी प्लॉट असतात. तेव्हा सर्व ओळी तपासून उत्तम ती काढू, असे जो म्हणतो त्याला यंत्राची ताकद ठाऊक नाही किंवा गिऱ्हाईकाची अक्कल तरी. नियमच लावावा लागतो. लागणीची तारीख, जात, आडसाली की सुरू की खोडवा, आणि तोडीपूर्वी हँड रिफ्रॅक्टोमीटरवर आलेला ब्रिक्स.

हा नियम लावायचे काम प्रत्येक गटाचे वेगळे आहे, ते आठ गड्यांत वाटता येते. आम्ही वाटून पाहिले, वेळ खूपच वाचला. पण शेवटी सर्व गटांची एक ओळ गव्हाणीपाशी लावावी लागते. गव्हाण एक, दिवसाचे गाळप ठरलेले. तो भाग वाटता येत नाही. एवढे करूनही सगळे गणित आमच्या टेबलावरच्या संगणकात बसते. प्रतिनिधींचे महाग यंत्र येथे ९०० टोळ्यांसारखे झाले असते.

मग गेल्या हंगामात नंबर का बिघडले? हे सांगणे आमच्या अंगाशी येणारे आहे, तरी सांगतो, कारण काही सभासदांचे खरोखर नुकसान झाले.

एका गटात दोन चुलतभावांचे बांधाला बांध लागून आडसाली प्लॉट. जात एक, पाणी एक. एकाची लागण ७ ऑगस्टची, दुसऱ्याची १० ऑगस्टची. तीन दिवसांचा फरक. पहिल्याला तोड हंगामाच्या आरंभीच आली. दुसऱ्याचा ऊस तुरे येऊन उभा राहिला, पोकळ पडला, वजन घटले. चुलत्या-पुतण्यांत बोलणे बंद झाले. निवडणुकीतल्या मतांपर्यंत गोष्ट गेली. दुसरा भाऊ आमच्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला छापील यादी दाखवली व संगणकाने काढलेला नंबर आहे, त्यात आमचा हात नाही, असे सांगून परत पाठवले. त्याचे वाईट आजही वाटते.

हंगाम संपल्यावर हा अभ्यास करताना आम्ही कच्च्या नोंदी काढून पाहिल्या. आमच्या वहीत तारीख लिहितात ती आधी दिवस, मग महिना. ०७/०८. नव्या प्रोग्रॅममध्ये अमेरिकन पद्धत राहून गेली होती, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ७ ऑगस्टची लागण ८ जुलै झाली, आणि १० ऑगस्टची झाली ८ ऑक्टोबर! तीन दिवसांचा फरक तीन महिन्यांचा होऊन बसला. ११ ऑगस्टची ८ नोव्हेंबरला गेली, १२ ची ८ डिसेंबरला. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी यंत्राने नाकारल्या, कारण तेरावा महिना नसतो. त्या हाताने दुरुस्त झाल्या, म्हणून त्या बरोबर राहिल्या व चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. ज्याची लागण ८ ऑगस्टची तो नशीबवान, दोन्हीकडून आठच.

आठही गड्यांनी आपापले गणित चोख केले होते. चूक नोंदीत होती, आणि ती तपासण्याची जबाबदारी शेती खात्याची, म्हणजे आमची होती. ज्यांचे नुकसान झाले त्यांची यादी करून आम्ही ती मा. संचालक मंडळापुढे ठेवली आहे. त्या चुलतभावाच्या घरी जाऊन वही दाखवली. तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला, मग म्हणाला, "म्हंजी त्यानं काय केलं न्हवतं तर." त्याने म्हणजे भावाने.

हिशेबाची बाजूही लहान नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. कच्चा ऊस आधी आला व पक्का ऊस मागे राहिला की उतारा सगळ्यांचाच खाली येतो, ज्यांचा नंबर बरोबर होता त्यांचाही.

ते महाग यंत्र घेऊ नये असे आम्ही लेखी कळवले आहे. त्याऐवजी पुढील व्यवस्था चालू केली आहे. लागण नोंदीत महिना आता आकड्याने नव्हे, अक्षराने लिहायचा. नोंद झाली की सभासदाला छापील चिठ्ठी मिळेल. तीवर गट नंबर, क्षेत्र, जात व लागण तारीख असेल. ढग नसतील तेव्हा उपग्रहाच्या चित्रावरून रान कधी हिरवे होऊ लागले ते पाहून संशयास्पद तारखा वेगळ्या काढल्या जातील, व तेथे फिल्डमन समक्ष जाईल. तोडणी कार्यक्रम हंगामापूर्वी प्रत्येक गट ऑफिसात भिंतीवर लागेल, लागण तारखेसह, म्हणजे बांधाशेजारच्याची तारीखही पाहता येईल.

चिठ्ठी मिळाल्यावर ती कपाटात ठेवू नये, आधी वाचावी. तारखेत, जातीत किंवा क्षेत्रात चूक असेल तर पंधरा दिवसांच्या आत गट ऑफिसात सांगावे. फिल्डमन भेटला नाही तर शेती ऑफिसात आमच्याकडे यावे. गेल्या हंगामात १ ते १२ ऑगस्टच्या दरम्यान आडसाली लावलेल्या ज्या सभासदांची नावे भिंतीवरच्या यादीत सुटली आहेत असे वाटते, त्यांनी जुनी तोडणी चिठ्ठी घेऊन यावे, चिठ्ठी नसेल तर नुसता गट नंबर सांगितला तरी चालेल.